वाढत्या अंगाचा कोट

आमच्या सोसायटीत हॅलोवीनसाठी सिनेमातल्या एखाद्या पात्राचा वेष घरी शिवायला घेतला, की ते पात्र माप द्यायला स्वतः येतं. दुपारची वेळ सोडून केव्हाही येतं, कारण सांगलीत दुपारी जेवणानंतर कुणी कुणाच्या घरी जात नाही. वॉचमन शिवाप्पा त्यांना गाडी कुठे लावायची ते दाखवतो, घोडा असेल तर पाण्याच्या टाकीमागे बांधायला लावतो, आणि लिफ्ट बंद आहे हे सांगून जिन्याकडे बोट करतो.

त्यांच्या येण्याला कारण आहे. बाजारातून आणलेल्या तयार वेषाने कुणाचं काही बिघडत नाही. पण घरी शिवलेला वेष इथे मुलाच्या अंगावर चढला, की तिकडे सिनेमात त्या पात्राच्याही अंगावर तोच येतो आणि पुढे तोच राहतो. मुळ्यांच्या नातवाला एका वर्षी उडणाऱ्या वीराचा झगा हवा होता. मुळेकाकूंनी जुना परकर उसवून तो शिवला आणि खालचा वेलबुट्टीचा काठ चांगला होता म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून तो वीर जगभर वेलबुट्टी फडकवत उडतो आणि त्याचे शत्रू त्याला पूर्वीइतकं मनावर घेत नाहीत. पुढच्या वर्षी तो स्वतःच कापड घेऊन आला आणि काकूंच्या सतरंजीवर तासभर मांडी घालून बसला. नेमका त्या वेळी कुठल्याशा देशात त्याचा सिनेमा चालू होता. तिथलं शहर त्या दिवशी वाचलं नाही. पण काकूंचाही नाइलाज होता. नातवाने त्या वर्षी डायनासोर व्हायचं ठरवलं होतं.

हॅलोवीन आमच्याकडे आणलं ते गाडगिळांच्या अमेरिकेतल्या लेकीने. मुलांनी भुतांचे वेष करायचे आणि दारोदार खाऊ मागायचा, एवढं तिने समजावून सांगितलं. दिवाळी तोंडावर असते, त्यामुळे भुतांना चकलीचा पहिला घाणा मिळतो आणि चकली कडक झाली की नरम हे आयांना आयतं कळतं. पहिल्या वर्षी सगळी मुलं पांढऱ्या चादरी पांघरून भुतं झाली. दुसऱ्या वर्षी कुणी चादर देईना, म्हणून सिनेमा आला.

आमची मनू चौथीत होती तेव्हा तिला छबू व्हायचं होतं.

छबू ज्या सिनेमात आहे तो जुना, काळा-पांढरा आहे. त्याचं नाव मी घेत नाही, कारण ते कानावर पडलं की माझी आई भरल्या ताटावरून उठते. छबू ही त्यात रेल्वेच्या फाटकवाल्याची नऊ वर्षांची पोर. आई नाही. बापाची छाती अधू, म्हणून त्याचाच खाकी कोट कापून लहान केलेला अंगात घालून, एका हातात लाल आणि एका हातात हिरवा बावटा घेऊन तीच फाटक सांभाळते. इंजिन ड्रायव्हरांशी भांडते, बकरीला शिस्त लावते, शहरात दारूपायी वाया गेलेल्या माधव नावाच्या भावाला नावं ठेवते. शेवटी पूर येतो, रूळ वाहून जातात, छबू भर पावसात लाल बावटा धरून उभी राहते. गाडी थांबते, सगळे वाचतात आणि छबू तापाने जाते. मग माधव दारू सोडतो, गावाला पूल मिळतो, आणि सगळे मिळून तिच्या तसबिरीला हार घालतात. माझी आई हा सिनेमा लग्नाआधीपासून बघत आलेली आणि दर वेळी तेवढीच रडायची.

मनूने तो आजीच्या मांडीवर बसून कितीदा तरी पाहिला होता. डॉक्टर बॅग घेऊन झोपडीत शिरला की आजी म्हणायची, "जा गं, पाणी पिऊन ये." मनू जायची आणि पूल झाल्यावर परत यायची. पुलाच्या उद्घाटनाला छबू गर्दीत मागे कुठेतरी उभी असते, बुटकी असल्यामुळे दिसत नाही, असं तिचं मत होतं. आम्ही कुणी ते खोडलं नाही.

कोट शिवायचं काम अर्थातच वैजूकडे आलं. वैजू म्हणजे वैजयंती, माझी बायको. ती ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिथे उत्तरात दशांशचिन्ह एक घर इकडेतिकडे झालं तरी मुलांना सोडत नाही. शिवणाच्या मशीनवर बसली की मात्र तिचं सगळं शास्त्र खुंटीला टांगलेलं असतं. तिला अंगाबरोबर शिवताच येत नाही. जे शिवेल ते वाढत्या अंगाचं. मनूचा फ्रॉक पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत, दुसऱ्या वर्षी पोटरीपर्यंत आणि तिसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत येतो. त्या वर्षी तो छान बसतो आणि त्याच वर्षी फाटतो. लग्नानंतर तिने मला एक स्वेटर विणला होता. मी अजून त्यात वाढतो आहे. अर्थात हा तिचा एकटीचा दोष नाही. आपल्याकडे पोराच्या कापडाला कात्री लावली की घरातलं कुणीतरी बोलतंच, "वाढत्या अंगाचं शिव गं." कापड महाग आणि पोरं बांबूसारखी वाढणारी, त्याला कोण काय करणार?

छबू शनिवारी सकाळी आली. शिवाप्पाने खालून इंटरकॉमवर विचारलं, "वैनी, एक पोरगी आलीया. रंग न्हाई तिला. बकरी हाय. सोडू का?"

"पोरीला सोडा," वैजू म्हणाली. "बकरी टाकीमागे बांधा."

ती वर आली ती खरोखरच काळी-पांढरी होती. आमच्या पिवळ्या भिंतीपुढे उभी राहिली तरी करडीच दिसली. अनवाणी पाय, दोन घट्ट वेण्या, आणि अंगातला कोट कोपरांवर इतका विरलेला की आतला सदरा दिसत होता. मनू दाराआडून बघत राहिली.

"कोटाचा रंग नक्की कुठला गं?" वैजूने टेप झटकत विचारलं.

"मला काय ठावं? आमच्यात समदं करडंच असतंय."

"मग खाकीच धरते. हात लांब कर."

मनूने धीर करून विचारलं, "तू त्या ड्रायव्हरला खरंच दगड मारला होतास?"

"येकदाच. शिट्टी न वाजवता गाडी हाणली हुती त्यानं."

"मग बरोबर आहे," मनू म्हणाली. त्यानंतर दोघींचं जमलं.

वैजूने खांदा मोजला, छाती मोजली, बाही मोजली. तोंडात टाचण्या धरूनच ती नेहमीचं वाक्य बोलली, "वाढत्या अंगाचा शिवते हं. आत चार बोटं दाब ठेवते."

"म्हंजी?"

"आत्ता थोडा ढगळ होईल. पण तू वाढलीस की दाब उसवायचा आणि कोट मोठा करायचा."

छबूने थोडा विचार केला. "म्या वाढत न्हाई, बाई. म्या नवाचीच असती."

"सगळ्याच वाढतात," वैजू म्हणाली आणि कागदावर मापं उतरवू लागली. ती हे काही ठरवून बोलली नाही. माझ्या भाचीला बोलली असती तसंच बोलली. छबू जाताना दोन लाडू खाऊन गेली आणि एक पदराच्या टोकात बांधावा तसा कोटाच्या खिशात घालून घेऊन गेली.

मंगळवारी संध्याकाळी त्या सिनेमातला डॉक्टर आला. उन्हाळी टोपी, कातडी बॅग, बारीक मिशा, सगळं करडं. त्याने टोपी मांडीवर ठेवली, मी दिलेला चहा बशीत ओतून घेतला आणि मुद्द्यावर आला.

"आपल्या पत्नीने कोटाला दाब ठेवल्याचं आमच्याकडे समजलं आहे."

"कोट अजून बेतूनच झाला आहे," मी म्हणालो. "तुम्हाला कसं समजलं?"

"बेतल्या दिवसापासून मुलीला भूक लागते. आज न्याहारीला तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. साहेब, आमच्या सिनेमात तिच्या जेवणाचं दृश्य एकच आहे, आणि त्यात ती आपली भाकरी बकरीला देते. आता देत नाही."

वैजू आतून मशीन थांबवून बाहेर आली. डॉक्टर उठून उभा राहिला.

"बाईसाहेब, शेवटी मला तिची नाडी बघून मान हलवायची असते. मी काही दुष्ट माणूस नाही. पण माझं सिनेमात काम तेवढंच आहे. वाढत्या अंगाच्या कोटातली पोर समोर असताना मी मान कशी हलवू? लोक म्हणतील, बाहीला एवढी घडी दिसते आहे, आणि हा डॉक्टर मान कसली हलवतो."

"मग हलवू नका."

"मग माधव दारू सोडणार नाही. पूल होणार नाही. तिथून पुढे आम्ही सगळ्यांनी करायचं काय? नुसतं उभं राहायचं?"

मला त्याचं म्हणणं पटलं. मी विमा कंपनीत आहे, आणि अमुक घडलं की तमुक मिळायचं, या हिशेबावरच माझं घर चालतं. मी म्हणालो, "वैजू, सगळ्या गावाच्या पुलाचा प्रश्न आहे."

"एका पोरीच्या जिवावर कशाला बांधायचा पूल? सरकार आहे की."

"आमच्यात सरकार नाही," डॉक्टर नम्रपणे म्हणाला. "कथेत बसलं नाही."

वैजू म्हणाली की मग त्यांनी कोट दुसरीकडे शिवून घ्यावा. त्यावर डॉक्टरने नियम सांगितला, आणि तो आम्हालाही माहीत होता. ज्या घरात कापडाला कात्री लागली त्याच घरात ते पुरं व्हायला हवं. अर्धं राहिलं तर छबू अर्धाच कोट घालून पुरात उभी राहील. रविवारी दुपारी सिनेमा टीव्हीवर लागणार होता. तोवर कोटाचं काय होतं ते बघूनच जाईन, असं सांगून डॉक्टर आमच्या सोफ्यावर मुक्कामाला राहिला. माणूस सभ्य होता. रात्री घोरला नाही.

जेवणं झाल्यावर मी वैजूला समजावलं. म्हटलं, आयुष्यात एकदा अंगाबरोबर शिवून बघ, काय बिघडतं? आणि ती माझं ऐकतही होती, असं नाही की हट्टाला पेटली होती. तिने कोट उलटा केला, खडूने रेघ मारली, दाब कापायला कात्री हातात घेतली. कात्री कापडाला लावली आणि तशीच धरून बसली. मग खाली ठेवली.

"हात धजत नाही," ती म्हणाली. "पोराचा कपडा आहे हो. दाब कसा कापू?"

मी तिच्याशी नाही नाही त्या गोष्टींवरून भांडलो आहे, गॅसच्या शेगडीपासून तिच्या माहेरच्या लग्नांपर्यंत. पण त्या वेळी तिच्याकडे बघून मला वाटलं, आपल्याला ही बायको मिळाली हे आपलं नशीब. तसं मी म्हणालोही. डॉक्टर सोफ्यावर होता, त्याने ऐकलं आणि टोपीवरची धूळ झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूचा बाप आला. फाटकवाला. इतका उंच की आमच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागली. जिना चढून दम लागला होता, खोकला काढत दाराशीच थांबला. बसा म्हटलं तर बसेना. डॉक्टरने त्याला नमस्कार केला. त्याने डॉक्टरकडे पाहिलं नाही.

"फाटकवाले, मी यांना सगळं नीट समजावून सांगितलं आहे," डॉक्टर म्हणाला. "आता तुम्हीच सांगा."

मला वाटलं, आता हा माणूस हात जोडणार. सिनेमा त्याचाही होता. पूल त्याच्याही गावाचा होता, आणि माधव त्याचाच मुलगा. वैजूलाही तेच वाटलं असावं, कारण तिने कोट छातीशी धरला होता.

फाटकवाल्याने हात पुढे केला. वैजूने कोट दिला. त्याने तो उलटा केला, आतली शिवण अंगठ्याने चाचपली, बाहीच्या टोकाशी दाब कुठवर आहे ते बघितलं. एवढा मोठा पंजा, पण टाचणी टोचू नये म्हणून जपून फिरत होता.

"दाब किती ठिवलाय?"

"चार बोटं," वैजू म्हणाली.

"म्या कापला हुता तवा कापड पुरलं न्हाई. अंगाबरोबर बसला. तवाच काळजात चर्र झालं हुतं." तो थोडा खोकला. मग कोट परत तिच्या हातात दिला. "सा ठिवा."

डॉक्टर सोफ्यावरून उठून खिडकीपाशी गेला आणि खाली बकरी दिसते का ते बघत उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "सहा ठेवले तर बाही हाताच्या खाली जाईल. बावटा धरता येणार नाही."

"दुमडंल ती," फाटकवाला म्हणाला.

सहा बोटांना कापड पुरत नव्हतं. वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या, मारुती रोडला जाऊन तशाच खाकीचं अर्धा मीटर आणलं आणि ऑफिसला उशिरा गेलो. पुलाबद्दल मी पुन्हा बोललो नाही.

हॅलोवीनच्या संध्याकाळी मनू तो कोट घालून बाहेर पडली. बाह्या तीनदा दुमडल्या होत्या, घेर गुडघ्याखाली गेला होता, आणि अंधारात लांबून नुसताच कोट चालत येतो आहे असं वाटत होतं. त्यामुळे खरी भीती सगळ्यांना तिचीच वाटली. तिने सोसायटीच्या गेटवर लाल बावटा दाखवून मुळेकाकांची स्कूटर अडवली आणि हिरवा दाखवेपर्यंत काका निमूट थांबले. चकल्यांनी तिचे दोन्ही खिसे भरले होते.

रविवारी जेवणं आटोपून आम्ही टीव्हीपुढे बसलो. डॉक्टर सकाळीच निघून गेला होता. जाताना त्याने चहाबद्दल आभार मानले. आईने सवयीने पदर हातात घेतला. सिनेमा सुरू झाला. छबूच्या अंगात आमच्या घरचा कोट होता, करडाच दिसत होता, पण काजाची शिलाई मला ओळखू आली. पूर आला. ती बाह्या सावरत बावटा धरून उभी राहिली, गाडी थांबली, तिला उचलून झोपडीत आणली. डॉक्टर बॅग घेऊन आत शिरला.

"जा गं, पाणी पिऊन ये," आई मनूला म्हणाली.

मनू उठली नाही. तिने वैजूचा हात धरला. मीही दुसरीकडून धरला असता, पण त्या हाताने वैजू स्वतःचीच साडी चुरगाळत होती.

डॉक्टर खाटेपाशी बसला आणि नाडी बघायला त्याने छबूचा हात घेतला. हात सापडेना. त्याने बाहीची एक घडी उलगडली. मग दुसरी. व्हायोलिनं वाजत होती. तो उलगडत राहिला, बाही संपेना, आणि फाटकवाला भिंतीला टेकून त्याच्याकडे एकटक बघत उभा होता. शेवटी मनगट मिळालं. डॉक्टरने नाडीवर बोटं ठेवली. ठेवून बसला, आमच्या घरात बसायचा तसा, घाई न करता. मग त्याने वर पाहिलं.

"हिला खायला काय आहे?" त्याने विचारलं.

फाटकवाल्याने भाकरी आणून दिली. व्हायोलिनं अडखळली आणि थांबली. नंतर झोपडीत फक्त छबूच्या चावण्याचा आवाज येत होता.

आईने पदर डोळ्यांपर्यंत नेला होता, तो तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला, कोरडाच होता. "आता काय करायचं?" तिने विचारलं. सिनेमाच्या या भागात ती कधी डोळे उघडे ठेवून बसलीच नव्हती.

तिकडेही सगळे तेच विचारत होते. हार घेऊन आलेली माणसं दाराशी घोटाळली, हार कुणाला द्यावा ते कळेना, शेवटी तो बकरीने खाल्ला. माधव शहरातून झिंगत आला आणि पश्चात्ताप कशाचा करायचा म्हणून ताटकळत बसला. छबूने त्याच्या पाठीत बावट्याची काठी घातली. "ऊठ. फाटक लाव. पॅशिंजर याया लागली." तो उठला. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्यायला, पुन्हा काठी खाल्ली. असं करत करत त्याची हळूहळू सुटली. पूल अजून झालेला नाही. लोक नावेतून जातात आणि कुरकुर करतात.

'समाप्त' ही पाटी त्या दिवशी आलीच नाही. सिनेमा चालूच राहिला. वाहिनीने आधी संध्याकाळच्या बातम्या पुढे ढकलल्या, मग मालिका बंद केल्या, आणि आता तिथे दुसरं काही लागत नाही. आई रोज दुपारी थोडा वेळ बघते. छबूला शाळेत घातलं तेव्हा ती पेढे वाटून आली. कोटाचा दाब सुटत गेला, मग वैजूने दुसरा कोट शिवला, मग तिसरा. मनू ते दर हॅलोवीनला घालते, म्हणून छबूला मिळतात. डॉक्टरकडे आता पंचक्रोशीतले रोगी येतात आणि तो बहुतेकांना बरं करतो.

छबू आणि मनू यंदा दोघी दहावीत आहेत. दोघींचं गणित कच्चं आहे. मनू माझ्यावर गेली, बेताच्या उंचीची राहिली. छबू कालच चौथ्या कोटाचं माप द्यायला आली होती. आमच्या दारातून आत येताना तिने मान वाकवली, आणि खांद्याचं माप घेताना वैजूला टाचा उंच कराव्या लागल्या.